मी आर्डिस, शाळेतून बोलतेय

नोरा लेकमध्ये हिवाळ्यात शाळा भरणार की नाही, हे आभाळ नाही, आर्डिस टॉलेफसन ठरवते, असा गावातल्या पोरांचा पक्का समज होता. बर्फ पडावा म्हणून पोरं आदल्या रात्री पायजमे उलटे घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपायची. पण सकाळी खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ दिसला तरी त्यावर कुणी विसंबत नसे. स्वयंपाकघरातला फोन वाजला आणि "नोरा लेकच्या कुटुंबांनो, मी आर्डिस, शाळेतून बोलतेय," असं ऐकू आलं, की मगच सुट्टी खरी.

खरं सांगायचं तर ठरवणारा होता तिचा नवरा व्हर्लिन. तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ सारणारा ट्रक चालवायचा. उजाडायच्या कितीतरी आधी बाहेर पडायचा, रस्ते बघायचा आणि वायरलेसवरून बायकोला कळवायचा, "चर्चमागची चढण बर्फाखाली गेली गं. बस काही चढत नाही." मग ती शाळेच्या प्रमुखांना, सुपरिंटेंडेंटना, उठवायची, ते झोपेतच हो म्हणायचे, आणि ती गावाला फोन लावायला बसायची. पूर्वी एकेक नंबर फिरवून, पुढं मशीन आल्यावर एकदाच बोलून. निरोपाचं शेवटचं वाक्य मात्र कधी बदललं नाही: "आणि रस्त्यावर जे कुणी असाल, ते सांभाळून घरी या."

त्या वेळी रस्त्यावर व्हर्लिनशिवाय कोण असणार? सगळं गाव ओळखून होतं. दुपारी तो कॉफीला बसला की कुणीतरी म्हणायचंच, "व्हर्लिन, तुझं प्रेमपत्र आज चुकून आमच्याकडं आलं." त्याचे कान लाल व्हायचे. त्या मुलखात नवरा-बायको प्रेम वगैरे बोलून दाखवत नाहीत. फारच उमाळा आला तर गाडीत पेट्रोल आहे का, एवढं विचारतात. त्यामुळं या एका वाक्यावर व्हर्लिनचा संसार उभा होता म्हटलं तरी चालेल. गंमत एवढीच, की ते त्यानं स्वतः कधी ऐकलेलं नव्हतं. ती बोलायची तेव्हा तो ट्रकवर असायचा.

आर्डिस काही शिक्षिका नव्हती. शाळेत शिरल्या शिरल्या जे काउंटर लागतं, त्यामागं बसणारी बाई. पण कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाच्या घरी सध्या अबोला आहे, कुणाची आजी आजारी आहे, हे तिलाच विचारावं. पोर पडलं-झडलं तर आईला फोन करून जसंच्या तसं सांगायची, "रक्त आलंय, पण तो हसतोय." घाबरवणं नाही आणि लपवणंही नाही. आणि दुपारी जेवणं झाली की ती शाळेच्या लाऊडस्पीकरवरून गोष्टीचं पुस्तक वाचायची. रोज एक प्रकरण, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सुरू केलं की संपवायचं, हा तिचा एकच नियम. गावातले आज पोराबाळांचे आईबाप झालेले लोक त्या आवाजावर वाढले होते.

मग डॉ. केसलिंग सुपरिंटेंडेंट होऊन आले. शहरातून आलेले, कोरलेली दाढी, कपाळाला कधी आठी नाही. त्यांनी नवं मशीन आणवलं. त्यात मजकूर टाईप केला की ते माणसाच्या आवाजात बोलून दाखवायचं. आवाज कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. आर्डिस आठवडाभर पोरांचे कोट टांगायच्या खोलीत, कोटांच्या गर्दीत मायक्रोफोनसमोर बसून शब्द वाचत होती. वार, महिने, आकडे, आडनावं, अर्थ नसलेली लांबलचक वाक्यं. घरी यायची ती घसा बसवून. मध घातलेलं गरम पाणी पीत म्हणायची, "अरे व्हर्लिन, पहाटे उठायचं सुटलं बघ आता. मी झोपेन आणि माझा आवाज कामाला जाईल." बर्फाचा निरोप मात्र तिनं मशीनवर सोडला नाही. तो सबंध स्वतः बोलून दिला, शेवटच्या वाक्यासकट.

त्याच हिवाळ्यात तिचं दुखणं उपटलं. तो सगळा हिवाळा दोघांनी डुलुथच्या इस्पितळात काढला, आणि तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत आर्डिस गेली. व्हर्लिननं ट्रकची किल्ली काउंटीला परत दिली. ती म्हणाली होती अगदी तसंच झालं. ती झोपली आणि आवाज कामाला राहिला.

सप्टेंबरात एका संध्याकाळी व्हर्लिन कालचं हॉटडिश, मांस-बटाट्यांचं तिकडचं रोजचं जेवण, गरम करत होता, तेव्हा फोन वाजला.

"नोरा लेकच्या कुटुंबांनो, मी आर्डिस, शाळेतून बोलतेय."

"अगं," तो म्हणाला.

आर्डिस बोलत राहिली. यंदापासून चौथी ते आठवीला सबंध पुस्तकं शिकवली जाणार नाहीत. त्याऐवजी टॅब्लेटवर निवडक उतारे असतील. दुपारचं लाऊडस्पीकरवरचं वाचन वेळेच्या योग्य नियोजनासाठी बंद करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

"अगं, थांब जरा," व्हर्लिन म्हणाला. ती थांबली नाही. आवाज तिचाच होता, वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरणारा सूरही तिचाच. पण एवढ्या लांब निरोपात तिनं एकदाही श्वास घेतला नव्हता. हे त्याच्या ध्यानात आलं तोवर फोन केव्हाच बंद झाला होता आणि हॉटडिश खालून करपलं होतं.

त्याच्या घरात शाळेतलं पोर नव्हतं, तरी त्याला फोन का यावा? तर फोन नीट लागतोय की नाही ते कळावं म्हणून आर्डिसनं कधीकाळी यादीत पहिला नंबर स्वतःच्याच घरचा घातला होता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

गावात मात्र आग लागली. शाळा सुरू होऊन पोरांना उतारे वाटून झाले, आणि मग हा निरोप. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. समोरच्या घरातली जोलीन प्रीबिल दुसऱ्याच दिवशी पोरीला आणि टॅब्लेटला घेऊन व्हर्लिनकडं आली. जोलीन वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना आंघोळी घालून आलेली असली तरी भांडायला ताजी असायची.

"हे बघा, व्हर्लिन. एक पान. पोरगा हिमवादळात बापाला शोधायला निघालाय, घोडं बिथरलंय, आणि खाली चार प्रश्न. लेखकाला काय सुचवायचंय, योग्य पर्याय निवडा. मी बाईंना विचारलं, पुस्तक कुठंय? तर म्हणतात, आमच्याकडंही एवढंच आलंय."

"मग बाप सापडतो का त्याला?" व्हर्लिननं टेसाला विचारलं. ती पाचवीत होती.

"माहीत नाही," टेसानं खांदे उडवले. "ते परीक्षेला नाहीये."

"सापडतो," जोलीन म्हणाली. "मी सहावीत होते, आर्डिसनं वाचलं होतं. तो सापडेपर्यंत आमच्या वर्गात घास उतरला नव्हता कुणाच्या घशाखाली." तिनं टॅब्लेट पालथा घातला. "आणि आता तीच फोन करून सांगते, पुस्तकं नकोत म्हणून. फोन आपटावासा वाटतो हो. पण तिच्यावर कसा आपटायचा?"

हीच तर मेख होती. आधीच्या सुपरिंटेंडेंटचे फोन लोक अर्ध्यात कापायचे. आर्डिसचा फोन कापायला हात होत नसे. लहानपणी दात पडला तेव्हा तिनंच तर गालावरून हात फिरवलेला. डॉ. केसलिंगना हे बरोबर उमगलं होतं. कडू औषध कुणाच्या हातून द्यायचं हे त्यांना कळत होतं, मग औषध कसलंही असो.

पालक ऑफिसात गेले, तर सांगितलं, वेबसाईट बघा. वेबसाईटवर लिहिलं होतं, फोन करा. फोन केला की आर्डिस म्हणायची, "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. कृपया थांबा." लोक थांबायचे. जोलीन म्हणाली, "एकदा मी भाकरी भाजावी तसा फोन दोन्ही कानांनी आलटून पालटून धरला. मोलाचं आहे म्हणे. तू जिवंत असतीस तर एका मिनिटात उत्तर दिलं असतंस, असं बोलून गेले मी. कुणाला बोलले, देव जाणे."

हळूहळू राग वाट चुकायला लागला. दुकानात रांगेत उभा असलेला एक बाप, गावात नवा आलेला, मोठ्यानं म्हणाला, "ही आर्डिस कोण बाई आहे, तिला एकदा गाठलंच पाहिजे." व्हर्लिन त्याच्या मागंच पाव हातात धरून उभा होता.

"गाठणं जरा अवघड आहे," तो म्हणाला आणि पावाचे पैसे देऊन बाहेर पडला.

आता व्हर्लिनच्या मनातलं सांगायला हवं, जे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला ते फोन हवे होते. पुस्तकं गेली, मग अक्षरं जोडून वळणदार लिहिणं गेलं, मग सुतारकामाचा वर्ग गेला, गणिताची रीत बदलली; गाव दात-ओठ खात होतं, आणि व्हर्लिन संध्याकाळी दाढी करून, ताटाशेजारी फोन ठेवून जेवायला बसत होता. गावाच्या पोरांचं नुकसान व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. पण एखादा आठवडा कोरडा गेला की करमत नसे, आता अजून काय बंद करणार बरं, असा विचार डोक्यात यायचा, आणि मग स्वतःचीच किळस यायची. फोनवर ती बोलायची, तो ऐकायचा, मध्येच "हं" म्हणायचा. लग्नानंतर इतकी वर्षं त्यांचं तसंच चाललं होतं. फक्त आता ती श्वास घेत नव्हती. रात्री घराच्या शांततेत त्याला ते आठवायचं आणि तो स्वतःचा श्वास रोखून बघायचा, किती वेळ जमतं ते.

आणि सगळ्यात जास्त तो वाट बघत होता ती बर्फाची. हा पहिला हिवाळा, की पहाटे तो घरात असणार होता. कोरडे मोजे घालून, कॉफी घेऊन, फोनजवळ. तो एक निरोप मशीननं जोडलेला नव्हता, तिनं सबंध बोललेला होता. त्यात ती श्वास घेत असणार. आणि शेवटचं वाक्य तो पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकणार होता. एवढ्यावर त्यानं उन्हाळा काढला होता.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, एक फोन आला. नवा अभ्यासक्रम पुढंही चालू राहील. आणि मग आर्डिस म्हणाली, "पालकांनी या बदलाबद्दल मोठ्या प्रमाणावर समाधान व्यक्त केलं आहे."

व्हर्लिननं फोन कानापासून लांब धरला. आतापर्यंत तिच्या तोंडी नको ते घातलं होतं, पण जे होतं ते खरं तरी होतं. हे धडधडीत खोटं होतं. रक्त आलंय पण तो हसतोय, असं सांगणारी बाई मेल्यावर खोटं बोलत होती, गावातल्या प्रत्येक घरात, जेवणाच्या वेळी. आणि तो दाढी करून ते ऐकत होता. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही.

जोलीन शाळेच्या मंडळाच्या बैठकीला चला म्हणून त्याच्या मागं लागली होती. तो टाळत आला होता: माझं कुठं पोर आहे शाळेत. सकाळी त्यानं रस्ता ओलांडून तिचं दार वाजवलं.

"पोरी, मी येतो बैठकीला."

बैठक शाळेच्या वाचनालयात होती. पुस्तकांच्या फळ्या रिकाम्या होत्या, त्यांवर चार्जिंगच्या वायरी लोंबत होत्या. बायका घरून लेमन बार, लिंबाच्या वड्या, करून घेऊन आल्या होत्या. नोरा लेकच्या लोकांना भांडतानाही समोरच्याला काहीतरी खाऊ घातल्याशिवाय चैन पडत नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर छोटा दिवा, हिरवा, पिवळा, मग लाल. आणि मंडळानं उत्तर द्यायचं नाही, असा मंडळाचाच नियम. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, तेही घड्याळ लावून. जोलीन बोलली. एक आई बोलता बोलता रडली. तिच्या मुलाला आता कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत ऐकायचा धीर उरला नव्हता. प्रत्येकाला अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद. पुढचे."

व्हर्लिननं घरून दोन गोष्टी घोकून आणल्या होत्या. एक, तिचा आवाज काढून टाका. दोन, बर्फाचा निरोप तेवढा राहू द्या. तो माईकजवळ गेला, टोपी काढली.

"मी व्हर्लिन टॉलेफसन. फोनवर बोलते ती माझी बायको. ती वारली. तुम्ही सगळे तिच्या मातीला होतात. डॉक्टरसाहेब, तुम्हीही होतात, बटाट्याचं सॅलड दोनदा घेतलंत." कुणी हसलं नाही. "लोक तुम्हाला डॉक्टर म्हणतात. गेलेलं माणूस गेलंय, एवढं तरी डॉक्टरला कळावं. ती त्या काउंटरमागं बसून कधी खोटं बोलली नाही. पालक खूश आहेत म्हणे. हे बघा पालक." तो मागं वळला आणि पुन्हा पुढं. "जे सांगायचं ते आपल्या तोंडानं सांगा. तिला त्यातून काढा."

दिवा अजून हिरवा होता. बर्फाचं वाक्य जिभेवर आलं होतं. पण मागं सगळे आईबाप आपल्या पोरांसाठी बसले होते, ती बाई अजून डोळे पुसत होती. त्यांच्यासमोर स्वतःपुरतं मागायला त्याला लाज वाटली.

"झालं माझं," तो म्हणाला.

"धन्यवाद, व्हर्लिन. पुढचे."

डॉ. केसलिंग फार सहानुभूतीनं मान हलवत होते. त्यांनी काहीतरी लिहूनही घेतलं.

"तुमचं ऐकतील," बाहेर थंडीत जोलीन त्याचा दंड धरून म्हणाली. "बाकी कुणाचं नाही, पण तुमचं ऐकतील."

तो घरी आला. आपण तिला दुसऱ्यांदा पुरून आलो, असं त्याला वाटलं, आणि दुःख पहिल्याइतकंच झालं. पण तिचं नाव तरी धुतलं गेलं. एवढं एक मनाशी धरून तो पडून राहिला.

चार-पाच दिवसांनी फोन वाजला.

"नमस्कार, मी आर्डिस, शाळेतून बोलतेय. आपल्या विनंतीनुसार हा क्रमांक आमच्या यादीतून काढण्यात आला आहे. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."

"आर्डिस," व्हर्लिन म्हणाला. पलीकडं काही नव्हतं.

त्याला वाटलं, हा तिचा शेवटचा फोन. गावात सगळ्यांनाच असा आला असेल. विचारावं कुणाला? लोकांच्या दारी जाऊन दुःखाची चौकशी करण्याची रीत तिकडे नाही. कुणी त्याच्याजवळ विषय काढला नाही, आणि त्यानंही काढला नाही.

डिसेंबरात वारा फिरला. व्हर्लिन जुन्या सवयीनं पहाटे उठला, कॉफी ठेवली, खिडकीशी उभा राहिला. चर्चमागची चढण एव्हाना गेलेली असणार. पिवळा दिवा फिरवत ट्रक गेला, कुणी तरुण पोरगा होता वर. व्हर्लिन खुर्चीत बसला. फोन वाजणार नाही हे माहीत असूनही त्याजवळच बसला.

समोर प्रीबिलांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. मग शेजारच्या घरात. मग त्यापलीकडं. गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक खिडक्या उजळत गेल्या. हेही त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो तेव्हा नेहमी रस्त्यावर असायचा. मग एकेक दिवा पुन्हा मालवला, लोक परत पांघरुणात शिरले, आणि व्हर्लिनला कळलं. तिला कुणी काढलं नव्हतं. त्यालाच काढलं होतं.

पायजम्यावर कोट चढवून तो बर्फातून रस्ता ओलांडून गेला. दार टेसानं उघडलं. तिचा पायजमा उलटा होता.

"शाळा बंद," ती हसत म्हणाली. "आर्डिसचा फोन आला."

मागून जोलीन आली आणि त्याला बघून तिचा चेहरा उतरला. "व्हर्लिन. आम्हाला येतायत हो फोन. कालही आला होता. मी म्हटलं, तुम्हाला कशाला सांगून अजून..."

"काय म्हणाली?"

"शाळा बंद म्हणाली," टेसानं सांगितलं.

"आणि पुढं?"

टेसानं आईकडं बघितलं. जोलीन खाली बघत होती.

"मी ठेवला फोन," ती म्हणाली. "सुट्टी कळली आणि ठेवला. हल्ली सगळेच ठेवतात, व्हर्लिन. नाही ऐकवत तिचं शेवटपर्यंत."

दारातून बर्फ आत येत होता आणि टेसा उघड्या पायांवर नाचत होती. मग तो तिच्यासमोर वाकला.

"पुढं आहे अजून," त्यानं सांगितलं. "ती म्हणते, रस्त्यावर जे कुणी असाल, ते सांभाळून घरी या."

"बरं," टेसा म्हणाली.

त्यानं दार हळूच ओढून घेतलं आणि माघारी वळला. गल्लीत सगळीकडं अंधार होता, आणि रस्त्यावर तो एकटाच होता.